डेबोरा मेलमन: भूमिका कोणाची आणि लेखणी कोणाची

ऑस्ट्रेलियातली मालिका किंवा माहितीपट लावला की गोष्ट सुरू होण्याआधी पुष्कळदा पडद्यावर दोन ओळींची सूचना येते. या कार्यक्रमात मृत व्यक्तींची चित्रं किंवा आवाज असू शकतात, ॲबोरिजिनल आणि ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेकडच्या टॉरेस स्ट्रेट बेटांवरच्या प्रेक्षकांनी याची नोंद घ्यावी, असा तिचा आशय असतो. आपल्याकडे गेलेल्या माणसाचा फोटो हार घालून बैठकीच्या खोलीत लावतात. ऑस्ट्रेलियाच्या मूळ रहिवाशांच्या अनेक समाजांत रीत उलटी आहे. माणूस गेला की काही काळ त्याचं नाव उच्चारायचं नाही आणि त्याचा फोटो नजरेसमोर ठेवायचा नाही.

ही रीत मनात ठेवूनच १९९५ साली ब्रिस्बेनमध्ये रंगमंचावर आलेल्या एका नाटकाकडे बघायला हवं. नाव 'द सेव्हन स्टेजेस ऑफ ग्रीव्हिंग', म्हणजे शोकाच्या सात पायऱ्या. रंगमंचावर एकटी बाई. वर टांगलेली बर्फाची मोठी लादी, थेंब थेंब वितळणारी. एक सुटकेस, आणि तिच्यात घरातल्या गेलेल्या माणसांचे फोटो. हे नाटक दोघांनी मिळून लिहिलं होतं. एक दिग्दर्शक वेस्ली इनॉक आणि दुसरी त्यात काम करणारी डेबोरा मेलमन. तिला अभिनयाची पदवी घेऊन तीनच वर्षं झाली होती.

पुढे हीच डेबोरा ऑस्ट्रेलियाच्या छोट्या पडद्यावरचा सर्वांत ओळखीचा ॲबोरिजिनल चेहरा झाली. तिची कारकीर्द समजून घ्यायची तर पुरस्कारांची यादी फारशी कामाची नाही. तिच्या भूमिका ज्या इतिहासातून उगवल्या तो थोडा माहीत हवा, आणि त्या भूमिका कोण लिहीत होतं तेही बघायला हवं. माझ्या मते दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची आहे.

नाटकाच्या नावातल्या सात पायऱ्यांना लेखकद्वयाने आपल्या लोकांच्या इतिहासातले सात टप्पे जोडले होते: स्वप्नकाळ, आक्रमण, वंशसंहार, संरक्षण, सामीलीकरण, स्वयंनिर्णय आणि समेट. स्वप्नकाळ म्हणजे पूर्वजांनी डोंगर, नद्या, प्राणी आणि नातेसंबंध घडवले तो सृष्टीचा आरंभ. शेवटचे दोन टप्पे अलीकडचे आहेत. अडखळायला होतं ते मधल्या 'संरक्षण' आणि 'सामीलीकरण' या शब्दांशी, कारण ऐकायला ते किती चांगले वाटतात.

'संरक्षण' हा कायद्यातला शब्द होता. क्वीन्सलंड राज्याने १८९७ मध्ये कायदा करून ॲबोरिजिनल लोकांवर सरकारी 'संरक्षक' नेमले. माणसाने कुठे राहायचं, कुठे काम करायचं, मजुरीचे पैसे हातात मिळायचे की नाही, लग्नाला परवानगी द्यायची की नाही, हे हा अधिकारी ठरवी. 'सामीलीकरण' त्याच्या पुढची पायरी. मूळ रहिवाशांची मुलं, विशेषतः ज्यांचा एक पालक गोरा होता ती, घरातून उचलून संस्थांमध्ये किंवा गोऱ्या कुटुंबांत ठेवायची, म्हणजे दोन-तीन पिढ्यांत वेगळा समाज म्हणून काही उरणार नाही, असा हिशेब होता. या मुलांना आज 'चोरलेल्या पिढ्या' म्हणतात. १९९७ साली आलेल्या राष्ट्रीय चौकशी अहवालाच्या अंदाजाप्रमाणे १९१० ते १९७० या काळात दर दहापैकी एक ते दर तिनांपैकी एक इतकी मुलं अशी तोडली गेली. पंतप्रधान केव्हिन रड यांनी संसदेत देशाच्या वतीने माफी मागितली ती १३ फेब्रुवारी २००८ रोजी.

२००२ मध्ये आलेला 'रॅबिट-प्रूफ फेन्स' हा चित्रपट याच विषयावरचा. १९३१ साली पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या जिगालाँगहून उचलून नेलेल्या तीन मुली संस्थेतून पळतात आणि सशांना अडवण्यासाठी बांधलेल्या कुंपणाच्या आधाराने घराकडे चालू लागतात. अंतर साधारण २,४०० किलोमीटर. मुंबईहून दिल्लीपर्यंत पायी जायचं आणि परतीची निम्म्याहून जास्त वाटही चालायची, इतकं. डेबोराची त्यात छोटी भूमिका आहे, एका गोऱ्याच्या घरी राबणाऱ्या मेव्हिस नावाच्या मोलकरणीची, जिच्याकडे मुलींना रात्रीचा आसरा मिळतो. त्या बाईच्या वागण्यातूनच कळतं की ज्या घरात ती आहे तिथे तीसुद्धा सुरक्षित नाही. इतक्या कमी वेळात एवढं सांगणं मला तिच्या कामातलं फार मोठं वाटतं.

डेबोराचा जन्म जुलै १९७२ मधला, क्वीन्सलंडच्या वायव्येला असलेल्या माउंट आयझा गावचा. तांबं, शिसं, जस्त आणि चांदीच्या खाणींवर उभं राहिलेलं गाव, सभोवती मैलोन्‌मैल लाल माती. वडील वॉली मेलमन बिड्जारा या ॲबोरिजिनल समाजाचे, आणि आई न्यूझीलंडची माओरी. वडील रोडिओतले नावाजलेले खेळाडू होते. रोडिओ म्हणजे उधळलेल्या घोड्यावर किंवा बैलावर आठ सेकंद मांड टिकवण्याचा खेळ. त्याच खेळाच्या दौऱ्यावर न्यूझीलंडला गेलेले असताना दोघांची भेट झाली. माउंट आयझाला दर वर्षी मोठा रोडिओ भरतो आणि मेलमन कुटुंब राहायचं ते त्या मैदानाच्या आवारातच. म्हणजे जत्रा, प्रेक्षक, लाउडस्पीकर आणि धुरळा हे तिचं अंगण होतं. तिथून ती ब्रिस्बेनला नाट्यशिक्षणासाठी गेली आणि १९९२ मध्ये पदवी घेऊन बाहेर पडली.

ती जन्मली त्या १९७२ सालाजवळ थोडं थांबायला हवं. त्या वर्षी २६ जानेवारीला चार ॲबोरिजिनल तरुणांनी कॅनबेरात संसदेसमोरच्या हिरवळीवर समुद्रकिनारी वापरतात तसली छत्री रोवली आणि तिला 'दूतावास' म्हटलं. आपल्याच देशात आपण परके, मग परक्यांसारखा दूतावास तरी हवा, असं त्यांचं म्हणणं. तिथे पुढे तंबू उभे राहिले. त्याच वर्षी सिडनीच्या रेडफर्न भागात नॅशनल ब्लॅक थिएटर सुरू झालं. अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरांचं नाव घेऊन ब्रिस्बेनमध्ये तरुणांची संघटना निघाली तीही १९७२ मध्येच. आणि त्याच नावावरून, त्याच वर्षी, आपल्या मुंबईत नामदेव ढसाळ, ज. वि. पवार, राजा ढाले आणि त्यांच्या सहकाऱ्यांची दलित पँथर उभी राहिली. ब्रिस्बेन आणि मुंबईच्या त्या पोरांची एकमेकांशी गाठ पडायचं कारण नव्हतं, पण कॅलिफोर्नियातल्या ओकलंडहून निघालेली एकच ठिणगी दोन्हीकडे पोचली होती. आमची गोष्ट आम्ही लिहू, हा आग्रहही दोन्हीकडे होता.

आणि त्या वर्षी टीव्हीवर काय चाललं होतं? 'बोनी' नावाची गुप्तहेर मालिका. तिचा नायक अर्धा ॲबोरिजिनल, वाळवंटातल्या पाऊलखुणा वाचणारा हुशार पोलीस अधिकारी. ती भूमिका केली न्यूझीलंडच्या एका गोऱ्या नटाने, चेहऱ्याला काळसर रंग लावून. मूळ रहिवाशांपैकी कोणी हे काम करू शकेल हा विचार तेव्हा तिथल्या टीव्हीच्या सवयीतच बसत नव्हता. पुढे जस्टिन सॉन्डर्ससारख्या ॲबोरिजिनल अभिनेत्रीने सत्तरच्या दशकात लोकप्रिय मालिकांत जागा मिळवली, पण एकूण वाट फार अरुंद राहिली. पात्र ॲबोरिजिनल असलं की ते हातात एखादा 'प्रश्न' घेऊनच कथेत यायचं. दारू, तुरुंग नाहीतर जमीन. प्रश्न सुटला किंवा चिघळला की पात्र कथेबाहेर.

म्हणून २००१ मध्ये सुरू झालेल्या 'द सीक्रेट लाइफ ऑफ अस' या मालिकेतल्या केलीचं महत्त्व. मेलबर्नमधल्या सेंट किल्डा या समुद्रकाठच्या वस्तीतली एक इमारत आणि तिच्या फ्लॅटांत भागीदारीत राहणारी विशीतिशीतली मुलंमुली, इतकंच त्या मालिकेचं कथानक. प्रेमं, नोकऱ्या, भाडं, मैत्रीतल्या कुरबुरी. केली लुईस त्यांच्यातली एक. भाबडी, प्रेमाच्या शोधात असलेली, मैत्रिणींसाठी धावून जाणारी. संहितेत ही मुलगी ॲबोरिजिनल म्हणून लिहिलेली नव्हती. डेबोराला भूमिका मिळाली आणि केली तिच्यासारखी दिसू लागली, एवढंच.

रंग आणि वंश न पाहता भूमिका देण्याच्या या पद्धतीकडे दोन बाजूंनी बघता येतं. एका बाजूने हे मोठं पाऊल होतं. लाखो घरांत दर आठवड्याला एक ॲबोरिजिनल मुलगी दिसत होती, तिच्यावर कसलं संकट कोसळलेलं नव्हतं, तिला फक्त एक बरा मुलगा भेटायला हवा होता. इतरांना फुकट मिळणारं हे साधेपण तिच्या लोकांना पडद्यावर त्याआधी क्वचितच मिळालं होतं. दुसऱ्या बाजूने, पात्राला आडनाव आहे, फ्लॅट आहे, मित्र आहेत, पण तिची आजी कुठली, तिच्या घरातल्या सुटकेसमध्ये कोणाचे फोटो आहेत, हे लेखकांना ठाऊक नाही, कारण ती तशी लिहिलेलीच नाही. पात्र अंगात भिनवून त्याला जिवंत करणं नटीच्या हातात असतं. पात्राला भूतकाळ देणं लेखकाच्या हातात. केलीला डेबोराने जिवंत केलं हे निश्चित, आणि त्यासाठी तिला लोगी पुरस्कारही मिळाला.

लोगी हे तिथल्या टीव्हीचे सर्वांत जुने पुरस्कार, १९५९ पासूनचे. टीव्हीचा शोध लावणाऱ्या जॉन लोगी बेअर्डवरून नाव पडलं. त्यात तेव्हा दोन जाती होत्या. 'लोकप्रिय' विभागांत प्रेक्षक मत देत आणि 'उत्कृष्ट' विभागांत व्यवसायातले परीक्षक ठरवत. डेबोराचा पुरस्कार दुसऱ्या जातीचा होता.

इथे ऑस्ट्रेलियन टीव्हीच्या पैशाबद्दल बोलायला हवं, कारण त्याशिवाय कोणाही अभिनेत्रीची वाट नीट कळत नाही. देश खंडाएवढा, पण लोकसंख्या पावणेतीन कोटींच्या आसपास, म्हणजे महाराष्ट्राच्या चौथ्या हिश्श्याहूनही कमी. भाषा इंग्रजी, त्यामुळे अमेरिका आणि ब्रिटनमधल्या तयार मालिका थोडक्या पैशांत मिळतात. स्वतःची मालिका बनवणं महाग. बाजारावर सोडलं तर खासगी वाहिन्या बाहेरचाच माल दाखवतील, म्हणून सरकारी नियम आहे: खासगी वाहिनीने मुख्य चॅनेलवर सकाळी सहा ते मध्यरात्र या वेळेत वर्षाला किमान ५५ टक्के कार्यक्रम ऑस्ट्रेलियन दाखवायचे. बातम्या, खेळ आणि रिॲलिटी शो यांनी त्यातला मोठा हिस्सा भरतो. कथा सांगणाऱ्या मालिका मोजक्या निघतात आणि जोखमीच्या कथा बहुतेक करून एबीसी या सार्वजनिक वाहिनीवर येतात, कारण तिला जाहिरातदारांना खूश ठेवावं लागत नाही.

अशा छोट्या बाजारात एकाच माध्यमावर पोट भरत नाही. म्हणून डेबोराच्या कामात इतके प्रकार दिसतात. शेक्सपिअरच्या नाटकांत कॉर्डेलिया आणि रोझलिंड, १९६६ पासून चालत आलेल्या 'प्ले स्कूल' या लहान मुलांच्या कार्यक्रमात गाणी म्हणणारी ताई, २०१० पासून 'ऑफस्प्रिंग' मालिकेत प्रसूती रुग्णालयातली शेरी. तिच्या पिढीतले कितीतरी नट लॉस एंजेलिसला गेले. तिचं बहुतेक सगळं काम घरी, ऑस्ट्रेलियात झालं. तिला जे हवं होतं ते तिथेच आकार घेत होतं, असं मागे वळून पाहताना दिसतं.

ते आकार कसं घेत होतं, ही या गोष्टीची दुसरी बाजू. १९९३ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या सरकारी चित्रपट आयोगाने मूळ रहिवाशांसाठी स्वतंत्र शाखा काढली. या शाखेने नुसतं अनुदान वाटलं नाही. तरुणांना छोट्या फिल्म बनवायला दिल्या, कॅमेरा आणि संकलन शिकवलं, मग मोठ्या चित्रपटांकडे नेलं. वॉरविक थॉर्नटन, आयव्हन सेन, रेचल पर्किन्स ही आज जगभर माहीत असलेली नावं त्या वाटेवरची. रेचल पर्किन्सचे वडील चार्ल्स पर्किन्स हे १९६५ साली विद्यार्थ्यांची बस घेऊन न्यू साउथ वेल्सच्या गावांत पोहण्याच्या तलावांपासून सिनेमागृहांपर्यंतच्या भेदभावाविरुद्ध उभे राहिलेले कार्यकर्ते. मुलीने १९९२ मध्ये ब्लॅकफेला फिल्म्स ही निर्मितीसंस्था काढली.

रेचलचा पहिला कथापट १९९८ सालचा 'रेडियन्स'. आईच्या अंत्यविधीसाठी क्वीन्सलंडच्या किनाऱ्यावरच्या घरी जमलेल्या तीन बहिणी, आणि त्यांच्यात सर्वांत धाकटी, अवखळ नोना ही डेबोरा. तिचा हा पहिला मोठा चित्रपट. त्यासाठी तिला ऑस्ट्रेलियन फिल्म इन्स्टिट्यूटचा सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचा पुरस्कार मिळाला. हा मान मिळवणारी ती पहिली ॲबोरिजिनल अभिनेत्री. केलीचं दार उघडलं त्याच्या आधी तीन वर्षं हे घडलं होतं. केलीची मालिका दाखवणाऱ्या खासगी वाहिनीने तिला शोधून काढलं असं म्हणणं म्हणूनच बरोबर नाही. तिच्या लोकांनी तिला आधी उभं केलं होतं.

२०१२ हे तिच्या कारकिर्दीतलं भरलेलं वर्ष. १९६८ मध्ये व्हिएतनाम युद्धात सैनिकांपुढे गाणी म्हणायला गेलेल्या चार ॲबोरिजिनल मुलींची गोष्ट सांगणाऱ्या 'द सफायर्स' या गाजलेल्या चित्रपटात ती थोरली, तोंडाने फटकळ आणि मनाने घाबरलेली गेल झाली. त्याबद्दल फारसं सांगत नाही, कारण त्याच वर्षीचं टीव्हीवरचं काम मला जास्त मोलाचं वाटतं. ते म्हणजे 'माबो'.

एडी माबो टॉरेस स्ट्रेटमधल्या मेर या बेटाचा. क्वीन्सलंडच्या टाउन्सव्हिलमध्ये एका विद्यापीठात माळीकाम करायचा. सत्तरच्या दशकात तिथल्या इतिहासाच्या प्राध्यापकांशी बोलताना तो सहज आपल्या बेटावरच्या जमिनीबद्दल सांगू लागला. बापाची, आजोबाची, शेताच्या बांधासकट ठाऊक असलेली जमीन. प्राध्यापकांना जड मनाने त्याला सांगावं लागलं की कायद्याने ती त्याची नाही, ब्रिटिश राजसत्तेची आहे. यामागचं तत्त्व लॅटिनमध्ये 'टेरा नलियस', म्हणजे कोणाचीच नसलेली भूमी. इंग्रज आले तेव्हा इथे माणसं होती, पण कायद्याला दिसेल अशी मालकी नव्हती, असं धरून सारा खंड घेतला गेला होता.

माबो आणि त्याच्या बेटावरच्या चौघांनी १९८२ मध्ये दावा लावला. दहा वर्षं चालला. ३ जून १९९२ रोजी तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध एक अशा मतांनी निकाल दिला की इंग्रजांच्या आधीपासूनचे मूळ रहिवाशांचे जमिनीवरचे हक्क खरे होते, आणि जिथे ते कायद्याने संपवलेले नाहीत तिथे ते आजही आहेत. निकाल ऐकायला एडी नव्हता. त्याच वर्षी जानेवारीत कर्करोगाने तो गेला होता.

हा हक्क म्हणजे सातबाऱ्यावर नाव चढणं नव्हे. सरकार नवी जमीन देत नाही. आधीपासून असलेलं नातं मान्य करतं. आमचे लोक पिढ्यान्‌पिढ्या या भूमीशी बांधलेले आहेत, इथले रीतिरिवाज अखंड पाळत आलो, हे दावेदारांना सिद्ध करावं लागतं. आता ज्यांना उचलून दूर नेलं, ज्यांची मुलं तोडली, त्यांनी अखंडता कशी सिद्ध करायची? आधीच्या 'संरक्षण' आणि 'सामीलीकरण' या शब्दांचा पीळ इथे पुन्हा जाणवतो. ज्या समाजावर सर्वांत जास्त आघात झाला, त्याचाच दावा सर्वांत दुबळा ठरण्याची शक्यता जास्त.

निकालाला वीस वर्षं झाली तेव्हा एबीसीने रेचल पर्किन्स दिग्दर्शित टेलिफिल्म दाखवली. एडी झाला जिमी बानी, स्वतः टॉरेस स्ट्रेटचा. त्याची बायको बोनिता झाली डेबोरा. बोनिताचे पूर्वज प्रशांत महासागरातल्या बेटांवरून क्वीन्सलंडच्या उसाच्या मळ्यांत मजुरीला आणलेले, पुष्कळदा फसवून किंवा जबरदस्तीने. फिजीला ऊस तोडायला गेलेल्या आपल्या गिरमिटियांची कहाणी ज्यांनी वाचली असेल त्यांना हा इतिहास लगेच ओळखीचा वाटेल. नवरा वर्षानुवर्षं न्यायालयाच्या मागे, घरात दहा मुलं, पैसा नाही. आपल्या मुलांना शाळेत मान मिळत नाही म्हणून दोघांनी टाउन्सव्हिलमध्ये स्वतःची शाळाही काढली होती. इतिहासाने एडीचं नाव निकालाला दिलं. डेबोराने बोनिताला तिची जागा दिली. तिच्या अभिनयात कुठेही सोशिकपणाची आरती नाही. ती चिडते, थकते, नवऱ्यावर ओरडते, आणि पुन्हा त्याच्या बाजूने उभी राहते. या चित्रपटाचा गाभा मला तरी न्यायालयातल्या दृश्यांपेक्षा त्या स्वयंपाकघरात सापडला.

त्याच वर्षी एबीसीवर 'रेडफर्न नाऊ' आली. ज्या रेडफर्नमध्ये १९७२ साली ब्लॅक थिएटर सुरू झालं होतं, त्याच वस्तीतल्या घरांच्या गोष्टी. लेखन, दिग्दर्शन, निर्मिती, अभिनय सगळं मूळ रहिवाशांच्या हातात असलेली ही ऑस्ट्रेलियन टीव्हीवरची पहिली मालिका. निर्मिती ब्लॅकफेला फिल्म्सची, आणि कलाकारांत डेबोराही.

आता 'टोटल कंट्रोल'. २०१९ ते २०२४ या काळात तीन भागांत, म्हणजे तीन सीझनमध्ये, आलेली ही राजकीय मालिका तिच्या कारकिर्दीचं शिखर आहे असं मी म्हणेन. ॲलेक्स अर्विंग ही क्वीन्सलंडच्या विंटन या छोट्या गावातली ॲबोरिजिनल बाई. गावात गोळीबार होतो, ती बंदूकधाऱ्यासमोर उभी राहते, त्याचा व्हिडिओ देशभर फिरतो. लोकप्रियता घसरलेल्या महिला पंतप्रधान तिला थेट सिनेटमध्ये घेतात.

निवडणूक न लढता सिनेटर कसं होता येतं? सिनेट हे संसदेचं वरचं सभागृह, ७६ सदस्यांचं. एखादी जागा मुदतीआधी रिकामी झाली तर पोटनिवडणूक होत नाही. त्या राज्याचं विधिमंडळ त्याच पक्षाच्या माणसाला तिथे पाठवतं. म्हणजे व्यवहारात पक्ष ठरवेल तो. प्रत्यक्ष इतिहासातही असंच घडलेलं आहे. ऑस्ट्रेलियन संसदेतले पहिले ॲबोरिजिनल सदस्य नेव्हिल बॉनर १९७१ मध्ये क्वीन्सलंडच्या अशाच रिकाम्या जागेवर सिनेटमध्ये गेले. पहिली ॲबोरिजिनल महिला संसदेत पोचायला मात्र २०१३ साल उजाडलं. ती होती ऑलिंपिक सुवर्णपदक विजेती नोव्हा पेरिस. आणि खालच्या सभागृहात निवडून आलेली पहिली, लिंडा बर्नी, २०१६ मधली. ॲलेक्स अर्विंग पडद्यावर आली तेव्हा अशी बाई संसदेत दिसायला लागून सहाच वर्षं झाली होती.

मालिकेचं सुरुवातीचं नाव ॲबोरिजिनल बायकांना दिल्या जाणाऱ्या एका शिवीवरून होतं. प्रसारणाआधी ते बदललं. पण ती शिवी कथेतून गेली नाही. ॲलेक्सला ती संसदेतही ऐकावी लागते. सत्तेने आपला उपयोग करून घेतला हे कळल्यावर ती ज्या त्वेषाने उलटते, त्यात डेबोराचा आतापर्यंत न दिसलेला सूर लागतो. केलीच्या चेहऱ्यावर हसू आधी यायचं. ॲलेक्सच्या चेहऱ्यावर आधी सावधपणा येतो, समोरचा माणूस काय मागायला आलाय याचा अंदाज घेणारा, आणि हसू आलंच तर मागाहून. कोठडीत मरणारी ॲबोरिजिनल माणसं हा कथेतला महत्त्वाचा धागा आहे. या विषयावर नेमलेल्या चौकशी आयोगाने ९९ मृत्यूंचा तपास करून १९९१ मध्ये ३३९ शिफारशी केल्या होत्या, आणि त्यानंतरही कोठडीतले मृत्यू थांबलेले नाहीत. तिथल्या प्रेक्षकाला मालिका हे सगळं समजावत बसत नाही, कारण ते त्याच्या बातम्यांत रोज असतं. आपल्याला मात्र हे माहीत असलं की ॲलेक्सचा राग नेमका कशाचा आहे ते कळतं.

तिसरा भाग आला जानेवारी २०२४ मध्ये. त्याच्या तीनच महिने आधी, १४ ऑक्टोबर २०२३ रोजी, ऑस्ट्रेलियात सार्वमत झालं होतं. मूळ रहिवाशांचं म्हणणं संसदेपुढे मांडणारी कायमस्वरूपी सल्लागार संस्था राज्यघटनेत लिहावी का, असा प्रश्न. तिथे घटना बदलायची तर देशभरात बहुमत लागतं आणि शिवाय सहापैकी किमान चार राज्यांतही. सुमारे ६० टक्के लोकांनी 'नाही' म्हटलं, सहाही राज्यांनी 'नाही' म्हटलं. १९६७ मध्ये मूळ रहिवाशांना जनगणनेत पूर्णपणे मोजण्यासाठी आणि केंद्राला त्यांच्यासाठी कायदे करता यावेत म्हणून झालेल्या सार्वमतात ९०.७७ टक्के लोक 'हो' म्हणाले होते. त्याच देशात, एका आयुष्याच्या अवधीत. ज्या घरांत हा निकाल जखमेसारखा झोंबत होता, त्यांच्याच टीव्हीवर तीन महिन्यांनी ॲलेक्स अर्विंग पुन्हा संसदेत बोलायला उभी राहिली.

२०१७ मध्ये तिला 'ऑर्डर ऑफ ऑस्ट्रेलिया' हा राष्ट्रीय सन्मान मिळाला. २०२३ मध्ये वॉरविक थॉर्नटनच्या 'द न्यू बॉय'मध्ये ती केट ब्लँचेटसोबत होती, वाळवंटातल्या ख्रिस्ती मठातली एक जोगीण (नन). १९९३ च्या त्या शाखेतून निघालेला दिग्दर्शक आणि १९९२ ला पदवी घेतलेली अभिनेत्री.

आणि ज्या जानेवारी २०२४ मध्ये ॲलेक्सचा शेवटचा भाग एबीसीवर लागला, त्याच महिन्यात नेटफ्लिक्सवर 'बॉय स्वॉलोज युनिव्हर्स' ही ब्रिस्बेनमध्ये घडणारी मालिका आली. तिच्यात डेबोरा शाळेतली समुपदेशक आहे, पॉपी बर्कबेक. घरच्या भानगडींनी होरपळलेला एक मुलगा तिच्यासमोरच्या खुर्चीत येऊन बसतो, आणि ती त्याचं ऐकून घेते.